आठवण टिकत नसलेल्या माणसाला नवं, किचकट काम कसं शिकवावं

अपघातात डोक्याला मार बसतो, मेंदूज्वर होतो, हृदय काही मिनिटं थांबून मेंदूला प्राणवायू कमी पडतो, किंवा वर्षानुवर्षांच्या दारूने शरीरातलं थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपतं. कारण काहीही असो, दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जुनं सगळं आठवतं हो, पण सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत राहत नाही." आणि त्याला जोडून दुसरं: "आता नवीन काही शिकणं कठीणच." पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं खरं नसतं. अशी माणसं नवी कामं शिकतात, अगदी बारा-पंधरा पायऱ्यांचीसुद्धा. फक्त शिकवण्याची आपली नेहमीची रीत तिथे चालत नाही, उलट नुकसान करते. ती रीत बदलायची कशी, ते या लेखात टप्प्याटप्प्याने सांगते.

हाताला राहतं, तोंडाला आठवत नाही

१९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड इथे हेन्री मोलेसन या तरुणावर फिट्सच्या आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा दोन्ही बाजूंचा बराच भाग काढला गेला आणि त्यानंतर घडलेलं काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. कागदावरची चांदणी आरशात बघून पेन्सिलीने गिरवायची. आरशात हात उलटा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला कुणाचीही तारांबळ उडते. तीन दिवसांत मोलेसनचा हात सफाईने चालायला लागला. आपण हे आधी कधी केलंय, याचा मात्र त्याला पत्ता नव्हता.

म्हणजे "काल काय झालं" ही आठवण आणि "हे कसं करतात" ही आठवण, दोन्ही एका ठिकाणी राहत नाहीत. पहिलीला हिप्पोकॅम्पस लागतो. दुसरीचा कारभार बराचसा मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया आणि मागच्या लहान मेंदूकडे असतो. १९८०च्या दशकात एलिझाबेथ ग्लिस्की आणि डॅनियल शॅक्टर यांनी याच दुसऱ्या वाटेने बरीच मजल मारली. हर्पिसच्या विषाणूमुळे मेंदूज्वर होऊन स्मृती गेलेल्या एका बाईंना त्यांनी संगणकावर माहिती भरण्याची खरीखुरी नोकरी शिकवली. कामाचे बारीक तुकडे केले, ते आधी प्रयोगशाळेत घोटवून घेतले, मग कामाच्या जागी नेले. इतरांपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या लागल्या, पण बाई ते काम करू लागल्या.

मग घरी हे का जमत नाही? कारण आपण मास्तरांसारखं शिकवतो. "आठव बघू." "परवाच तर दाखवलं होतं." "जरा डोकं चालव." धडधाकट माणूस अंदाज करतो, चुकतो, आणि चुकलो होतो हे आठवून पुढच्या वेळी ती चूक टाळतो. ज्याला चुकल्याचं आठवतच नाही, त्याच्या हाताला फक्त केलेली कृती राहते, आणि ती चुकीची असते. पुढच्या खेपेला तोच हात त्याच चुकीकडे जास्त सहज वळतो. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. शब्दाची सुरुवातीची अक्षरं देऊन "ओळखा बघू" म्हटलं की आठवण टिकत नसलेल्या रुग्णांचं शिकणं खालावत होतं. तोच शब्द आधीच सांगून लिहून घेतला की सुधारत होतं. ही चुकीविना शिकवण्याची पद्धत. पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावर उभं आहे.

सुरुवात करण्याआधी

विसरणं हे दरवेळी स्मृतीचंच दुखणं असतं असं नाही. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ती काही विरळ नाही), मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी माणूस विसराळू होतो, आणि यातलं बरंच उपचाराने सुधारतं. ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखापत ताजी असेल, माणसाला आपण कुठे आहोत, कोणता महिना चालू आहे हेच कळत नसेल, तो मधूनच खवळत असेल, तर अजून थांबा. त्या काळात किचकट काम शिकवायला बसणं म्हणजे दोघांनाही छळणं.

न्यूरोसायकॉलॉजीची (स्मृती, लक्ष, भाषा तपासणारी) चाचणी झाली असेल तर अहवालातले गुण घरच्यांच्या फारसे कामाचे नसतात. त्याऐवजी तज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा. वाचलेलं कळतं का? नजर एका बाजूकडे दुर्लक्ष करते का? सुरू केलेली कृती सांगितल्यावर थांबवता येते का? डाव्या बाजूकडे लक्ष जात नसेल तर फोनवरची खूण, औषधाचा डबा, सूचनांचं कार्ड सगळं उजवीकडे लागेल. हे आधी कळलं नाही तर महिनाभर "याला शिकवून उपयोग नाही" असं वाटत राहतं, आणि दोष असतो डबा ठेवलेल्या जागेचा. या कामात ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाची, मदत सगळ्यात मोलाची. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, तसंच केईएम आणि नायर ही महापालिकेची रुग्णालयं, इथे असे विभाग आहेत. बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेंदूच्या पुनर्वसनाचा वेगळा विभाग आहे.

काम निवडताना

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू. समजा, मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला चाळिशीतला माणूस आहे आणि शिकवणारी आहे त्याची धाकटी बहीण. तो तिचा दादा. शिकायचं काम असं: मोबाइलच्या कॅलेंडरात नोंद करणं, आणि फोन वाजला की नोंदलेलं काम करणं.

हे काम मी मुद्दाम निवडलं. एक तर ते रोज लागतं. दिवसाकाठी अनेकदा घडणारं काम लवकर बसतं, महिन्यातून एकदा लागणारं बसत नाही, मग तुम्ही कितीही घोटवून घ्या. दुसरं, ते एकदा जमलं की बाकीच्या विसरण्यावर तोच तोडगा होतो. तिसरं म्हणजे जुन्या सवयीला त्याचा टेकू मिळतो. आपल्याकडे गॅसचा नंबर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे किती, हे भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायची सवय घरोघरी आहे. आजाराआधीची अशी सवय बहुधा शाबूत असते. फोनच्या चार्जिंगची जागा त्याच कॅलेंडरच्या खाली करा. दादा तारीख बघायला तिथे जाणारच, की फोन समोर.

आता कामाचे दोन भाग करा, आणि उलट क्रमाने शिकवा. आधी फक्त फोन वाजला की काय करायचं, ते. या काळात नोंदी बहिणीने कराव्यात. नोंद करणं हा दुसरा भाग त्यानंतर, कदाचित काही आठवड्यांनी. वाजण्याला प्रतिसादच नसेल तर नोंदी करून उपयोग काय?

पायऱ्या पाडणं

हा टप्पा लोक उरकून टाकतात आणि तिथेच सगळं फसतं. स्वतःच्या डोक्यातून पायऱ्या लिहू नका. तोच फोन हातात घ्या, ते काम करा, आणि दुसऱ्या कुणाला ते खांद्यामागून चित्रित करायला सांगा. समोरून केलेलं चित्रण उलटं दिसतं. मग चित्रण थांबवत थांबवत प्रत्येक हालचाल लिहून काढा. नोंद करण्याच्या पायऱ्या साधारण अशा निघतील:

१. फोन उचलायचा.
२. अंगठा ठेवायचा.
३. निळं कॅलेंडर दाबायचं.
४. अधिकचं चिन्ह दाबायचं.
५. "इव्हेंट" दाबायचं.
६. काम काय, ते लिहायचं.
७. तारीख दाबायची.
८. वेळ दाबायची.
९. "सेव्ह" दाबायचं.

फोनप्रमाणे यात फरक पडेल. पण आठवी पायरी नीट बघा. "वेळ दाबायची" असं म्हणायला एक, करायला मात्र चार: तास, मिनिटं, सकाळ की संध्याकाळ, आणि "ओके". जिथे माणूस वारंवार अडतो तिथे हटकून अशी एका पायरीच्या पोटात लपलेली तीन-चार कामं सापडतात. पायऱ्या लिहून झाल्या की ज्याला हे ॲप माहीत नाही अशा शेजाऱ्याच्या हातात फोन आणि यादी द्या, आणि तोंडातून शब्द काढू नका. तो जिथे थांबेल तिथे यादी अपुरी आहे.

शब्दही आत्ताच पक्के करा. "निळं कॅलेंडर" म्हणजे कायम "निळं कॅलेंडर". एकदा "ते ॲप", एकदा "ते निळं", एकदा "कॅलेंडर उघड" असं चालणार नाही. तुमच्या दृष्टीने ते एकच असलं तरी दादाच्या दृष्टीने ती तीन वेगळी कामं आहेत. आईने, वहिनीने, मुलांनी, सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे. घरात कुणाला ते पटत नसेल तर त्या माणसाने शिकवण्यात पडू नये, हे उत्तम.

फोन आणि जागा

स्क्रीनचं एकच पान ठेवा, त्यावर जास्तीत जास्त चार खुणा. बातम्या, खेळ, खरेदी यांच्या सूचना बंद करा, नाहीतर फोन वाजण्याला काही अर्थच उरत नाही. स्क्रीन लवकर काळी होऊ नये म्हणून वेळ वाढवा. कॅलेंडर ॲपचं आपोआप अद्ययावत होणं बंद ठेवा. कंपनी एखाद्या रात्री बटणाची जागा बदलते आणि दोन महिन्यांची मेहनत सकाळी पाण्यात जाते. अंक मराठी हवेत की इंग्रजी, हे आजाराआधी त्याला ज्याची सवय होती त्यावर ठरवा. बारा तासांचं घड्याळ वापरणाऱ्याला चोवीस तासांवर नेऊ नका.

शिकवणीची वेळ आणि खुर्चीही ठरलेली असावी. चहानंतर, टीव्ही बंद करून, वीस-पंचवीस मिनिटं. दिवसातून दोनदा जमलं तर उत्तम. तास-दीड तासाच्या एका बैठकीपेक्षा छोट्या छोट्या दोन कितीतरी बऱ्या. फिट्सच्या गोळ्यांनी कुणाला विशिष्ट वेळी गुंगी येत असेल तर ती वेळ टाळा.

प्रत्यक्ष शिकवणी

पहिला नियम शिकवणाऱ्यासाठी: प्रश्न विचारायचे नाहीत. "पुढे काय?" नाही. "आठवतंय का?" तर मुळीच नाही.

सुरुवातीला बहीण स्वतः करून दाखवते, प्रत्येक पायरी ठरलेल्या शब्दांत मोठ्याने म्हणत. असं दोन-तीनदा. मग फोन दादाच्या हातात. आता ती पायरी आधी म्हणते, तो नंतर करतो. तिचं बोलणं त्याच्या बोटाच्या पुढे असलं पाहिजे, मागे नाही. दर बैठकीच्या सुरुवातीला हे सांगायचं:

"दादा, आज अंदाज करायचा नाही. पुढचं पक्कं माहीत नसेल तर 'सांग' म्हण, मी लगेच सांगते."

हा नियम तो विसरणार, म्हणून रोज नव्याने सांगायचा आणि कार्डावर सगळ्यात वर लिहायचा. तो "सांग" म्हणेल याची वाट बघत बसू नका, नजर बोटावर ठेवा. बोट स्क्रीनवर रेंगाळायला लागलं, वर्तुळं काढायला लागलं, की लगेच पायरी सांगा. त्याला विचार करायला वेळ द्यावा, हा आपला चांगुलपणा इथे आड येतो.

तरीही चूक होणारच. तेव्हा "अरे, नाही नाही!" करून ओरडायचं नाही आणि काय चुकलं हे समजावायचंही नाही. स्क्रीनवर शांतपणे हात आडवा धरा, एक पायरी मागे या, बरोबर कृती दाखवा, आणि तीच त्याच्याकडून लगोलग दोन-तीनदा करून घ्या. चुकीवर चर्चा झाली तर चूकच घोटली जाते.

सगळ्या नऊ पायऱ्या एकदम नको. मी शेवटून सुरुवात करते. पहिल्या आठ पायऱ्या बहीण करते, दादा फक्त "सेव्ह" दाबतो. ते बसलं की तो वेळ आणि "सेव्ह" करतो, मग तारीख, वेळ आणि "सेव्ह". असा मागे मागे सरकत पहिल्या पायरीपर्यंत. दर फेरीचा शेवट काम पुरं होण्यात होतो, अर्धवट सोडण्यात होत नाही. शिवाय त्याला येणारा भाग नेहमी पुढे असतो: नवी पायरी ओलांडली की पुढचा रस्ता ओळखीचा. सुरुवातीकडून शिकवणारे थेरपिस्टही आहेत आणि त्यांचंही चालतं. पण रोज नव्या, अनोळखी पायरीवर येऊन थांबणं निराश माणसाला जड जातं, असं माझं मत आहे.

वेळेचं अंतर वाढवत नेणं

"फोन वाजला की काय करायचं?" या एका प्रश्नाचं उत्तर पक्कं करायला वेगळी युक्ती आहे. थॉमस लँडावर आणि रॉबर्ट बियर्क यांनी १९७८ मध्ये अंतर वाढवत उजळणी करण्यावर काम केलं. पुढे कॅमेरॉन कँप यांनी ते डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती हळूहळू ओसरत जाणाऱ्या आजाराच्या, रुग्णांसाठी वापरात आणलं. करायचं असं.

आधी उत्तर सांगा: "दादा, फोन वाजला की वाचायचं, आणि लगेच करायचं." लगेच विचारा. तो म्हणेल, "वाचायचं, आणि लगेच करायचं." नुसतं म्हणायचं नाही, फोन वाजवून तेवढ्यात करायचंही. मग अर्ध्या मिनिटाने पुन्हा. मग एक मिनिट, दोन, चार, आठ, सोळा. मधल्या वेळात शेंगा सोला, क्रिकेटवर बोला, जुने फोटो बघा. उत्तर चुकलं किंवा आलं नाही तर लगेच बरोबर उत्तर सांगा, म्हणून आणि करून घ्या, आणि ज्या अंतरावर शेवटचं जमलं होतं तिथे परत जा.

वर प्रश्न विचारू नका म्हटलं आणि इथे विचारायला सांगते आहे. पण हा प्रश्न उत्तर नक्की येईल इतक्या जवळ विचारलेला असतो. अंतर वाढवायची घाई झाली की तो "ओळखा बघू"चा खेळ होतो आणि पद्धत मोडते.

आधार हळूहळू काढणं

पायरी बसायला लागली की बहिणीने आपला आधार थोडा थोडा कमी करायचा. आधी ती पूर्ण वाक्य म्हणत होती, "निळं कॅलेंडर दाबायचं." मग नुसतं "निळं…". मग बोटाने दिशा. मग नुसती शेजारी बसून. मग खोलीत, पण लांब. कुठे अडखळला की एकच टप्पा मागे, पार सुरुवातीला नाही. लिहिलेल्या कार्डाचंही असंच करता येतं: घट्ट बसलेली ओळ कागदाने झाकायची, मग दुसरी. पण कार्ड पूर्ण काढून घेण्याचा हट्ट मला समजत नाही. काम करता येणं हा हेतू आहे. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण नापास करत नाही.

या सगळ्यासाठी एक वही लागते. उभ्या ओळीत पायऱ्या, आडव्या ओळीत तारखा. स्वतः केलं तर "स", खुणेने केलं तर "ख", दाखवावं लागलं तर "द". वहीत लिहायचा तो दिवसातला पहिला प्रयत्न. पाचव्या फेरीला सगळं "स" येतं, त्याने आपण फसतो. रात्रभर काय टिकलं ते सकाळच्या पहिल्या फेरीलाच कळतं. एखाद्या पायरीला तीन-चार दिवस "द"च लागत असेल तर दोष माणसाचा नाही, पायरी मोठी आहे. तोडा. शिवाय ही वही तुमच्याच मनासाठी लागते, कारण प्रगती इतकी हळू असते की वहीशिवाय ती दिसतच नाही.

तेच काम दुसऱ्या जागी

ग्लिस्की, शॅक्टर आणि एंडेल टल्व्हिंग यांनी १९८६ मध्ये आठवण टिकत नसलेल्या रुग्णांना संगणकाचे शब्द शिकवले, तेव्हा एक अडचण पुढे आली. व्याख्या जशी शिकवली तशीच विचारली की उत्तर येई. तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत विचारली की बऱ्याचदा गाडी अडे. अशा पद्धतीने शिकलेलं पक्कं असतं, पण ताठ असतं.

घरी हे असं दिसतं. दादा खुर्चीत बसून "बीपीची गोळी" सकाळी नऊची नोंद झक्क करतो. "डॉक्टरांकडे जायचं, गुरुवारी पाच वाजता" म्हटलं की थांबतो. घरात फोन वाजला की गोळी घेतो. एसटी स्टँडवर वाजला की फोन खिशातून काढतच नाही. घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम करतोय किंवा विसरला. तसं काही नसतं. ते त्याने शिकलेलंच नसतं.

म्हणून काम एका जागी बसल्यावर बदल मुद्दाम शिकवायचे, एका वेळी एकच. आधी नोंद बदला, जागा आणि माणूस तेच. मग जागा बदला: गॅलरी, किराणा दुकान, बसस्टॉप. मग शिकवणारा माणूस बदला, पण शब्द तेच. जिथे काम लागणार हे आधीपासून माहीत आहे तिथेच शिकवता आलं तर सगळ्यात सोपं. सोफ्यावर बसून बसस्टॉपचं शिकवू नये.

आणि बिघाडाचं काय? दर बिघाडासाठी वेगळा उपाय शिकवणं अशक्य. एकच सुटका शिकवा, फोनच्या होम बटणाची: "वेगळं काही दिसलं की घराचं बटण दाबायचं, पुन्हा पहिल्यापासून." हे वाक्य वरच्यासारखं वेळेचं अंतर वाढवत घोटवा. मग मुद्दाम फोनवर भलतंच पान उघडून द्या आणि करून घ्या.

"मला कुणी शिकवलंच नाही"

हे ऐकावं लागणार, तेही वीस दिवस रोज शिकवून झाल्यावर. वाद घालू नका. वही समोर नाचवून "बघ, किती दिवस चाललंय" असं तर अजिबात नको. "बरं दादा, मी आत्ता दाखवते" एवढंच म्हणायचं आणि फोन हातात द्यायचा. बोटं सुरू झाली की तोच म्हणतो, "हे येतंय की मला!"

जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एक प्रसंग नोंदवला. नव्या आठवणी राहत नसलेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली. नंतर बाईंना टाचणी आठवत नव्हती, पण हात पुढे करायला त्या तयार नव्हत्या. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि तेच बरं.) २०१० मध्ये आयोवात जस्टिन फाइनस्टीन आणि सहकाऱ्यांना आढळलं की हिप्पोकॅम्पसची हानी झालेल्या रुग्णांना दुःखी चित्रफीत पाहिल्याचं विसरल्यावरही ते दुःख टिकून राहत होतं. म्हणजे तुमचा सकाळचा वैताग दादाला संध्याकाळी आठवणार नाही, पण फोन हातात घेताना त्याला नकोसं वाटेल, आणि का ते त्यालाही सांगता येणार नाही. आवाज चढतोय असं वाटलं की बैठक थांबवा. ती एक बैठक बुडाली तर काही बिघडत नाही. शिकवणाऱ्यालाच असह्य होत असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक फक्त रुग्णांसाठी नाही.

कुणाला वेगळं काही लागतं

विसरणं सौम्य असेल, चुकलेलं दुसऱ्या दिवशी आठवत असेल, तर इतकं जपू नका. अशा माणसाला स्वतः आठवायचे कष्ट घेऊ दिले तर जास्त टिकतं. पार्किन्सन किंवा हंटिंग्टनच्या आजारात बेसल गँग्लियालाच धक्का बसलेला असतो, त्यामुळे हाताच्या आठवणीवर कमी आणि लिहिलेल्या कार्डावर जास्त भिस्त ठेवा. अल्झायमरमध्ये नवं काम शिकता येतं, पण आजार पुढे सरकत राहतो. म्हणून लवकर सुरुवात करा आणि दोन-तीन पायऱ्यांचं, खरोखर रोज लागणारं काम निवडा. नऊ पायऱ्यांच्या मागे लागू नका.

आणि काही कामं या पद्धतीने शिकवूच नयेत. या पद्धतीने ठरलेली साखळी बसते, समोर आलेल्या परिस्थितीचा निर्णय घेता येत नाही. गाडी चालवणं हे असं काम आहे, त्याचा निर्णय डॉक्टरांकडे. गॅसची शेगडी विसरली जाणार असेल तर ठरलेल्या वेळेनंतर आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी घ्या, शिकवत बसू नका. पैशांच्या बाबतीत यूपीआयचा पिन पाठ करून घेणं मला पटत नाही, कारण फोनवर गोड बोलणाऱ्या ठगालाही तो तितक्याच सहज सांगितला जाईल. यूपीआय सर्कलमध्ये अशी सोय आहे की पैसे पाठवायची सुरुवात दादा करतो आणि मंजुरी घरचं माणूस आपल्या पिनने देतं. त्याच्या पायऱ्या मात्र वर सांगितल्या तशाच शिकवाव्या लागतील.

शेवटचं, फोनबद्दलच. तो कधीतरी पडणार, हरवणार, जुना होणार. दादाचं बसलं की त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणखी एक फोन शक्य तर घेऊन ठेवा, तशाच खुणा, तशाच जागी लावून. ते परवडणार नसेल तर नवा फोन आणल्यावर जुना निदान काही आठवडे चालू ठेवा. जुन्यावर रोजचं काम सुरू राहू द्या, नव्यावर वहीचं पान नव्याने आखा आणि पुन्हा "सेव्ह"पासून सुरुवात करा.